कोटाच्या कव्हरवरचा नंबर

कंपनीने मला फसवलं आणि मी मास्तरांना फसवलं. पहिल्या फसवणुकीबद्दल मी अजून भेटेल त्याच्याशी भांडतो. दुसरीबद्दल माझ्याशी कोणी भांडलंच नाही, खुद्द मास्तरसुद्धा नाहीत, आणि मला सहन होत नाही ते हेच.

माझं औषधांचं दुकान बुधवार पेठेत, लक्ष्मी रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी आहे. मी पुण्याचा नाही. गावाहून आलो तेव्हा एका जुन्या औषधविक्रेत्याकडे कपाटं पुसायला लागलो. त्यांच्याच दुकानात राहून डिप्लोमा केला आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला. त्या मालकांनी मला समोर बसवून अशी एकच गोष्ट शिकवली. बाकीचं मी बघून शिकलो. ती एक गोष्ट म्हणजे, औषधाचं नाव काउंटरवर मोठ्याने घ्यायचं नाही. गिऱ्हाईक गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा मुठीतून पुढे करतं. आपण तो बघायचा, आत जायचं, औषध खाकी पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड दुमडायचं आणि हातात द्यायचं. "औषध म्हणजे माणसाच्या घरातली बातमी असते," ते म्हणायचे. "आणि आपण पेपरवाले नाही."

हा नियम मी इतकी वर्षं पाळला की तो नियम आहे हेही विसरलो होतो. आमच्या पेठेत तर तो पाळला नसता तर दुकान महिनाभरही चाललं नसतं. कोणाला झोपेची गोळी लागते, कोणाला लग्न होऊन वर्षं झाली तरी मूल होत नाही, कोणत्या तालेवार घरातला मुलगा फिटच्या गोळ्या घेतो, सगळं मला माहीत होतं. रस्त्यात ही माणसं भेटली की आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, "तुमच्या पोटात एवढ्या गोष्टी राहतात आणि माझ्यावरचा राग मात्र एक मिनिट राहत नाही."

ते खरं आहे. मी तापट आहे. शिवाय घासाघीस केल्याशिवाय मला वस्तू घेतल्यासारखी वाटत नाही. गाळा, वारज्यातला फ्लॅट, स्कूटर, मोठ्या मुलीच्या लग्नाचं कार्यालय, यांतलं काहीही मी सांगितलेल्या भावाने घेतलेलं नाही. कार्यालयाच्या मॅनेजरला मी एवढा पिळला होता की लग्नाच्या दिवशी त्याने माझ्याकडे बघून हातच जोडले. या कलेतला माझा एक नियम होता आणि तो मी धंद्यात नव्याने आलेल्यांना अभिमानाने ऐकवायचो: समोरचा पटकन कबूल झाला तर तिथून उठायचं. जो सहज खाली येतो त्याने आपला नफा आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी ठेवलेला असतो.

आता मास्तरांविषयी सांगतो. दोन बोळ पलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. कोट शिवावा तर त्यांनीच. त्यांच्या आजोबांनी याच पेठेत बसून बँडवाल्यांचे जरीचे कोट शिवले, वडिलांनी वकिलांचे काळे कोट शिवले आणि मास्तरांनी आमच्यासारख्यांच्या लग्नाचे सूट शिवले. माझ्या लग्नाचा सूट त्यांचाच होता. त्यांच्या-माझ्या ओळखीची सुरुवातच भांडणाने झाली होती.

"मास्तर, शिलाई सांगताय का दुकान विकताय?"

"शेठ, आपण कापड आणलंय पेठेतलं आणि कोट हवाय विलायतेचा. मधलं अंतर मी चालत जायचं, त्याचे पैसे."

"मला शेठ म्हणू नका. शेठ असतो तर तुमच्याकडे आलो नसतो."

"शेठ नसता तर एवढी घासाघीस केली नसती," ते म्हणाले आणि टेप माझ्या छातीभोवती असा आवळला की मी गप्प झालो.

तेव्हापासून ते मला शेठच म्हणायचे. त्यांचं मराठी आमच्या गावच्या मराठीपेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. माझ्या तोंडून चुकून 'आहे'ऐवजी 'हाय' निघालं की ते भुवई उचलायचे. आम्ही एकमेकांच्या घरी फार गेलो नाही. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या, आणि डबा परत करताना त्यातही कोणाचं जास्त आलं यावर वाद व्हायचा.

एका सकाळी मी शटर वर करतोय तोच मास्तर समोर उभे. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. खिशातून त्यांनी गुंडाळलेला टेप काढला. त्या गुंडाळीच्या आत सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी वाचली. कंपवाताच्या गोळ्या होत्या. मी वर पाहिलं तर त्यांनी उजवा हात काउंटरखाली घेतलेला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सुई ओवायला वेळ लागायला लागला तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, गोळी वेळेवर घेतली तर अजून बरीच वर्षं काम होईल. काम होतंय. आपण येऊन बघा."

"बघायचं काय त्यात?"

"शेठ, घरी माहीत नाही. मुलाला तर अजिबात नाही. त्याला दुकानात भाड्याचे शेरवानी-सूट लावायचेत. तो कापायचं टेबल हलवायला कारणच शोधतोय. हे कळलं तर तो माझी कात्री काढून घेईल, आणि प्रेमाने काढून घेईल. त्याला मी काय बोलणार?"

मी गोळ्या खाकी पिशवीत घातल्या, तोंड दुमडलं आणि दिल्या. बिल केलं नाही. त्यांनी पैसे मोजून दिले आणि सवयीने म्हणाले, "काही कमी नाही का होणार?" मी म्हणालो, "औषधात घासाघीस करता? लाज वाटते का?" ते हसले. हात अजून काउंटरखालीच होता.

पुढे तोच क्रम झाला. ते सकाळी लवकर यायचे, टेपच्या गुंडाळीतून पाकिटाचा तुकडा काढायचे, मी बघायचो आणि पिशवी द्यायचो. तिथून ते सरळ दुकानात जायचे, गोळी घ्यायचे, चहा प्यायचे, आणि मुलगा कोंढव्याच्या घरून येईपर्यंत कापण्याचं सगळं काम उरकून ठेवायचे. एकदा मी मुद्दाम बघायला गेलो. कात्री कापडातून अशी जात होती की आवाजसुद्धा एकसारखा येत होता. "बघितलंत?" ते मान वर न करता म्हणाले. मी बघितलं होतं.

याच सुमारास कंपनीचा माणूस आला.

इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टीला लटकवलेलं ओळखपत्र, वय माझ्या मुलीएवढं. त्याने टॅबलेट उघडला आणि मला बिलाचं सॉफ्टवेअर दाखवलं. औषधाचं नाव टाकलं की साठा कळतो, मुदत संपणारा माल लाल होतो, कर आपोआप लागतो. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"केवढ्याला?"

"सर, फ्री."

"कॉम्प्युटर?"

"तोही आमच्याकडून."

मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्या नियमाप्रमाणे मी तिथूनच उठायला हवं होतं. पण फुकट म्हटल्यावर माझ्यातला घासाघीस करणारा उठला नाही, उलट पुढे सरकला. मी म्हणालो, पेठेत वीज जाते, इन्व्हर्टर द्या. तो म्हणाला, देऊ. मी म्हणालो, प्रिंटरचे कागद मी विकत घेणार नाही. तो म्हणाला, पाठवू. मी म्हणालो, बारकोड वाचणारं ते लाल दिव्याचं यंत्र पाहिजे. तो म्हणाला, ओके सर. प्रत्येक 'हो'ला मला चढत गेलं. त्याची अट एकच होती: बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर असावा. निदान बहुतेक बिलांवर. नंबर दिला की गिऱ्हाइकाला सूट, आणि ती सूटही कंपनी भरून देणार.

नंबर कशाला, हे मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत रद्दीवाल्याच्या काट्यापासून बिल्डरच्या पार्किंगपर्यंत सगळं उलटंपालटं करून बघणाऱ्या मी हे एक विचारलं नाही. त्याने पुढे केलेल्या पडद्यावर खूप बारीक अक्षरं होती. मी बोटाने खाली ढकलत गेलो आणि शेवटी खूण केली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, "इन्व्हर्टरसकट आणला."

ती म्हणाली, "त्याला वेड लागलंय का?"

"माझ्यापुढे कोणालाही लागतं."

गिऱ्हाइकांनी नंबर दिले. खळखळ न करता दिले. सूट म्हटल्यावर सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापकसुद्धा नंबर पाठ म्हणून दाखवायचे आणि वर विचारायचे, "घरचा लँडलाइन पण देऊ का? त्याची वेगळी सूट आहे का?" मी औषधाचं नाव मोठ्याने घेत नव्हतो, पिशवीचं तोंड दुमडत होतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ते नाव आणि तो नंबर शेजारीशेजारी टाइप करत होतो. मालकांचा नियम मी पाळतच होतो असं मला वाटत होतं. काउंटरवर एवढी शांतता असायची, की मी काय करतोय ते मलाच ऐकू आलं नाही.

मास्तरांनी नंबर दिला नाही.

"नंबर कशाला? नाडी बघणार आहात का?"

"सूट मिळते, मास्तर."

"मग सूट द्या."

"नंबराशिवाय नाही मिळत."

"म्हणजे सूट नंबरला आहे, मला नाही. मग त्या नंबरलाच गोळी द्या."

मी हसलो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या पुढच्या वेळीही. नंबर द्यायचा नाही आणि सूट मात्र सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्याला मिळते आणि मला नाही, हे कुठल्याही घासाघीस करणाऱ्याला सहन होत नाही. मला तरी कुठे झालं असतं? तिकडे कंपनीचा माणूस फोन करून म्हणत होता, "सर, तुमची बिनानंबरची बिलं वाढताहेत." एका सकाळी माझं डोकं फिरलं. मास्तर म्हणाले, "शेठ, आज तरी मन मोठं करा," आणि मी म्हणालो, "थांबा, आज तुम्हाला सूट देऊनच दाखवतो."

माझ्या मागे खुंटीला कोट टांगलेला होता. त्या आठवड्यात माझा जुना सूट मी मास्तरांकडून ढिला करून आणला होता आणि घरी न्यायचा राहिला होता. त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरवर मास्तरांच्या दुकानाचा नंबर छापलेला होता. मी वळलो, नंबर वाचला आणि टाकला. यंत्राने सूट दिली. बिल निघालं. मी ते फाडून कचऱ्यात टाकलं आणि मास्तरांना कमी पैसे सांगितले.

"झालं?" मी म्हणालो.

"कसं केलंत?"

"ती आमची कला आहे."

त्यांनी दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला आणि गेले. मी दिवसभर खूश होतो. कंपनीला नंबर मिळाला, मास्तरांना सूट मिळाली, आणि दोघांनाही मी शेंडी लावली असं मला वाटत होतं. तो मोबाइल मास्तरांच्या खिशात नसतो, दुकानाच्या गल्ल्यावर मुलाच्या हातात असतो, हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः त्या नंबरवर फोन करून कोट झाला का विचारायचो आणि मुलगाच उचलायचा. माहीत असून ते त्या क्षणी आठवलं नाही, कारण मी जिंकत होतो.

पुढे दर खेपेला तोच नंबर आपोआप वर यायला लागला. मला काही करावंही लागलं नाही.

मग एका दुपारी मुलगा आला. सरळमार्गी, आज्ञाधारक मुलगा. त्याने गिऱ्हाइकं जाईपर्यंत वाट पाहिली.

"अंकल, अब्बांना काय झालंय?"

"मला काय माहीत? काय झालं?"

मोबाइल त्याने माझ्यापुढे धरला. आधी एक मेसेज: आपल्या गोळ्या संपत आल्या आहेत. खाली गोळीचं नाव. मग दुसरा: कंपवाताच्या रुग्णांसाठी घरपोच औषधं. मग तिसरा, कुठल्या तरी वेगळ्याच नावाने: घरी मदतनीस, वॉकर, बाथरूममधले धरायचे दांडे. "मी राँग नंबर समजलो," तो म्हणाला. "मग आज एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. म्हणाली, काका, हाताचा कंप आता कसा आहे? जेवताना सांडतं का? मी म्हणालो, कोणाचा हात? तर तिने तुमच्या दुकानाचं नाव सांगितलं."

मी ते तिन्ही मेसेज पुन्हा वाचले. माझ्याच दुकानाची ती खाकी पिशवी कोणीतरी चौकात उघडून हातात धरल्यासारखी वाटली. 'मला माहीत नाही' मी आधीच म्हणून बसलो होतो. आता काही बोललो असतो तरी ते खोटंच ठरलं असतं.

"अंकल, तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

त्या आठवड्यात घरच्यांनी मास्तरांना मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर काही वेगळं बोलले नाहीत. पण आता घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांचं लक्ष हातावर होतं. कोणी बघत असलं की तो हात जास्त हलतो, हे मला औषधं विकून माहीत आहे. मुलाने कात्री कपाटात ठेवली. काही दिवसांनी कापायचं टेबल बाहेर काढलं. मास्तर सांगत होते तसंच, अगदी प्रेमाने. दुकानात आरसा आणि शेरवानींच्या रांगा आल्या.

मास्तर एकदाच आले. सकाळी, नेहमीच्या वेळेला. टेप नव्हता. हात काउंटरच्या वर ठेवला होता, उघडा, आणि तो हलत होता.

"शेठ, तुम्ही सांगितलंत?"

"नाही. शपथेवर सांगतो, एका शब्दाने नाही. कंपनीने केलं. त्यांनी माझी गिऱ्हाइकंसुद्धा पळवली, मास्तर. मीच दिलेल्या नंबरांवर त्यांना मेसेज जातात, आमच्याकडून घ्या, आणखी स्वस्त देतो म्हणून. मला बुडवलं त्यांनी."

त्यांनी ऐकून घेतलं.

"पण माझा नंबर त्यांना कोणी दिला? मी तर दिला नव्हता."

मी मागच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे आता काही नव्हतं. मी सांगितलं. कव्हर, नंबर, सूट, सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू मीच त्यांच्यावर ओरडत होतो. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सूट केवढी बसली होती हो?"

मी सांगितली.

"म्हणजे आपण दोघांनी मिळून फार स्वस्तात विकलं," ते म्हणाले.

आयुष्यात कितीतरी लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत आणि मी व्याजासकट परत केल्या आहेत. त्यांनी 'तुम्ही' म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. 'आपण दोघांनी' म्हटलं.

त्या दिवशी मी दुकान बंद करून बाणेरला कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेची इमारत, खाली नाव लिहून फोटो काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. माझाही फोटो घेतला, मोबाइल नंबर घेतला. मी दिला. मग रागाने स्वतःलाच शिवी दिली.

वर एक तरुण बाई भेटल्या. फार नम्र.

"सर, बसा ना. पाणी घेणार?"

"पाणी नको. एका माणसाचं नाव तुमच्या यंत्रातून काढा. आत्ता. माझ्यासमोर."

"सर, कस्टमरचं नाव आमच्याकडे नसतंच. फक्त नंबर आणि प्रॉडक्ट असतं."

"नाव नसताना तुमच्या फोन करणाऱ्या मुलीने त्याच्या मुलाला हाताचा कंप विचारला!"

"ते आमच्या पार्टनरकडून झालं असेल, सर. आमच्या बाजूने आम्ही डिलीट करू. पार्टनर्सकडे गेलेला डेटा आमच्या कंट्रोलमध्ये नाही."

"कोण पार्टनर? नावं द्या."

"सॉरी सर, ते कॉन्फिडेन्शियल आहे."

मी टेबलावर हात आपटला. काचेपलीकडची माणसं वळून बघायला लागली. यांच्या भागीदारांची नावं गुप्त. ती ठेवायला काचा, दरवाजे, पहारेकरी. आणि पिढ्यान्पिढ्या पेठेत मान खाली घालून शिवत आलेल्या घरातल्या एका माणसाचा थरथरणारा अंगठा मात्र येईल-जाईल त्याला दाखवायचा! हे सगळं मी ओरडून बोललो. मग माझ्या सवयीवर आलो. कॉम्प्युटर परत घ्या, इन्व्हर्टर घ्या, दिलेली सूट भरून देतो, वर काय लागेल ते बोला, पण ही एक नोंद जिथे जिथे गेली तिथून परत आणा.

"सर, कॉम्प्युटर ठेवा तुम्ही. त्याची काही गरज नाही."

मी इतक्या जणांशी घासाघीस केली, पण समोरच्याला माझ्याकडचं काहीच नको असेल तर बोलायचं कुठून हे मला माहीत नव्हतं. जे हवं होतं ते त्यांनी आधीच नेलं होतं.

मग त्या बाईंनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "सर, एक विचारू? हा नंबर कस्टमरने स्वतः दिला होता ना? कारण तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये तसं आहे. कस्टमरची संमती घेणं तुमच्याकडे होतं."

पाणी नको म्हटलेलं होतं, ते प्यायलो. खाली येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो तर किल्ली लागेना.

घरी बायकोने विचारलं, "भांडलात का?"

"भांडलो."

"मग जिंकलात की नाही?"

मी जेवायला बसलो. तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसाच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

कॉम्प्युटर मी उचलून पोटमाळ्यावर टाकला. आता हाताने बिल करतो. वेळ लागतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात, बरीच गेलीही. त्यांना आता औषध घरपोच मिळतं, मी देत होतो त्यापेक्षा स्वस्त. जी उरलीत त्यांच्यातले काही म्हणतात, "पूर्वी नंबर घेऊन सूट द्यायचात, आता काय झालं? नंबर घ्या की." मी म्हणतो, "नंबर सांभाळून ठेवा." ते हसतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला नवीन काही जमत नाही. मी एकेकाला थांबवून सांगायला हवं की तुझ्या नंबराशेजारी तुझं दुखणं मी स्वतः लिहून दिलंय, आणि ते आता कुठे आहे मला माहीत नाही. एका बाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, आमच्याकडे काय लपवण्यासारखं आहे?" मी त्यांना गेली कित्येक वर्षं कोणती गोळी देतो ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या पिशवीचं तोंड दुमडलं आणि ती हातात दिली.

मागच्या महिन्यात मी कोंढव्याला मास्तरांना भेटायला गेलो. सुनेने चहा दिला. जेवणाच्या टेबलावर कंपनीचं खोकं होतं, तीच ती कंपनी. खोक्यावर मास्तरांचं नाव, पत्ता आणि मोठ्या अक्षरात गोळीचं नाव. मुलगा आता तिथूनच मागवतो. त्याचा काय दोष? घरपोच येतं, स्वस्त येतं.

मास्तर गॅलरीत बसले होते. कप दोन्ही हातांनी धरला होता.

"बघताय ना?" ते म्हणाले. "आता पाहुणे आले की आधी हात बघतात, मग तोंड. सलामालेकुमसुद्धा हाताकडे बघून करतात."

"मास्तर, मी..."

"कापड आहे का तुमच्याकडे?"

धाकट्या मुलीच्या लग्नासाठी मी त्यांच्याकडे सूट टाकला होता. त्यांनी मापं घेतली, कापड पसरलं, खडूने खुणा केल्या, आणि कापायच्या आधीच टेबल गेलं. मुलाने ते कापड माझ्याकडे परत पाठवलं होतं, सोबत निरोप: हवा तर तयार सूट भाड्याने देतो.

"आहे," मी म्हणालो.

"झटकू नका. खुणा जातील."

"झटकलं नाही."

"खांद्यापाशी दोन रेघा दिसतील. बाहेरची धरायला सांगा, जो कोण कापेल त्याला. तुमचा उजवा खांदा उतरता आहे. लोकांना माहीत नाही, मला माहीत आहे." मग म्हणाले, "मी कोणाला सांगितलेलं नाही."

मी चहा संपवला आणि निघालो. जिन्यात थांबलो, परत वर जावं असं वाटलं, गेलो नाही.

ते कापड माझ्या कपाटात घडी करून ठेवलं आहे. मी ते दुसऱ्या कोणाकडे दिलं नाही. मुलीच्या लग्नात जुनाच सूट घातला, तोच, ज्याच्या कव्हरवर तो नंबर होता. मास्तर आले होते. उजवा हात खिशात होता.

माझ्या वाट्याचं मी कबूल केलं आहे, त्यांच्यासमोर आणि इथे. त्याची शिक्षा मास्तरांनी द्यावी, मी घासाघीस करणार नाही. पण मी काही एकटा नव्हतो. ज्याने इन्व्हर्टरसकट हो म्हणताना नंबर कशाला हवा ते मला सांगितलं नाही, ज्याने बारीक अक्षरं लिहिली, ज्या भागीदारांची नावं गुप्त आहेत, ज्याने त्या मुलीच्या हातात कागद देऊन तिला काका म्हणायला शिकवलं, त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. मेसेज पाठवू नका, गोड आवाजाची माणसं लावू नका. तुमच्यातल्या कोणीतरी एकाने, स्वतःच्या नावानिशी, कोंढव्याला त्या गॅलरीत येऊन बसावं. मी घेऊन जातो. मास्तरांच्या हाताकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघावं आणि त्यांनी न दिलेली गोष्ट तुम्ही कोणाकोणाला विकलीत, याचं उत्तर द्यावं. मी दुकानात असतो. या आणि उत्तर द्या.